मारुती ८०० चं इंजिन घरी बांधलं: सात महिने, ६,४०० किलोमीटर आणि एक ऑइल सील

ऑक्टोबरात शीवच्या उड्डाणपुलावर गाडीने चढायचं नाकारलं, तेव्हाच हे लिहायला घेतलं होतं. रागात लिहिलं असतं तर अर्धं चुकीचं गेलं असतं, म्हणून थांबलो. आता इंजिन बांधून सात महिने आणि ६,४०० किलोमीटर झाले आहेत.

गाडी बाबांची, १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, सहा व्हॉल्व्हची. ७९६ सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी सुरू करताना निळा धूर यायचा आणि चढाला दम लागायचा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं तर मधल्या सिलिंडरला ८ आणि बाकी दोघांना १०.५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं, तर मधला वर आला. ऑइल रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजवतं, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या होत्या. वर आला नसता तर व्हॉल्व्हचा संशय घेतला असता. मे महिन्यात मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भावाला हाताशी घेतलं आणि चेनपुलीने इंजिन उतरवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन रविवार दिले, मी सहा घेतले. ते समजुतीचे निघाले.

पार्ट निवडताना सगळं डोकं पिस्टनवर घातलं, तिथेच माझी चूक झाली. ऑपेरा हाऊसला तीन चकरा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन, सगळ्या पिस्टन-रिंगांसाठीच. भांडुपच्या गाळ्यातले बोअरिंगवाले काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "ब्लॉक ठेवून जा, पण पिस्टन आणल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही." मला वाटलं उगाच अडवताहेत. पण त्यांचंच बरोबर होतं. आधी बोअर (पिस्टन चालतो ते सिलिंडरचं भोक) मारून मग पिस्टन शोधायचा नसतो. हातात आलेला पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्याला हवी तेवढीच जागा ठेवून बोअर करायचा. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर, माझा मधला झिजून ६८.६२ झाला होता. दुकानदार ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन, गळ्यात मारत होता, कारण त्याच्याकडे तोच शिल्लक होता. मी हट्टाने ०.२५ चाच सेट शोधला. ०.२५ ने काम भागत असेल तर ०.५० घेऊ नका, पुढच्या खेपेला ब्लॉकमध्ये मांस उरलं पाहिजे.

रिंगा गोएत्झेच्या घेतल्या. बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये ठेवून फिलर गेजने तोंडाची फट पाहिली. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशोब, म्हणजे इथे साधारण ०.२७ मिलिमीटर. सगळ्या जवळपास तिथेच आल्या. मोठी बेअरिंगं, हेड गॅस्केट, वॉटर पंप यांनी काही त्रास दिला नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांना मात्र एक सांगायलाच हवं. ब्लॉक होनिंग होऊन, म्हणजे बोअर आतून दगडाने घासून, आला त्या संध्याकाळी पहिला पाऊस झाला. मी बोअर साबण आणि गरम पाण्याने धुतले, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुतले, कारण होनिंगची कुरुंद आत राहिली तर नव्या रिंगा तीच खाते. पुसले, आणि थकलो म्हणून ऑइल सकाळी लावू म्हणत झोपलो. सकाळी तिन्ही बोअरांवर तांबूस पापुद्रा. मुंबईच्या हवेत उघड्या बिडाला एक रात्र पुरते. ऑइल लावलेल्या बारीक स्कॉचब्राइटने हलक्या हाताने निघाला, पण जीव खालीवर झाला. धुतल्यावर लगेच ऑइल, जेवण नंतर.

आता मुख्य गोष्ट, क्रँकच्या मागच्या टोकाचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या क्रँकभोवती घट्ट बसून ऑइल आत अडवणारी रबरी चकती.

पार्टांची यादी जवळपास २४,००० रुपयांवर गेली होती आणि शेवटच्या दुकानात मी थकलेला होतो. जेन्युइन सील आणि काउंटरवरचं दुसरं, यांत अडीचशे रुपयांचा फरक होता. दुकानदार म्हणाला, "सेमच आहे साहेब, हेच जातं सगळीकडे." मी घेतलं. हे सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, फ्लायव्हीलच्या मागे बसतं. ते गळालं तर बदलण्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील, सगळं पुन्हा उतरवावं लागतं. ज्या पार्टपर्यंत पोचायला दोन दिवस लागतात, त्यात मी पैसे वाचवले.

४,१०० किलोमीटरवर शीवच्या पुलावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथेच. जळका वास. क्लच प्लेट ऑइलने माखलेली होती. सील काढलं तर ओठ, म्हणजे क्रँकला टेकणारी त्याची रबरी कड, प्लास्टिकसारखा कडक, वाकवला तर कड तडकली. मी ते घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बिलावरचा "रबरी माल परत नाही" हा शिक्का दाखवला. तिथे मी खूप बोललो, त्यानेही ऐकवलं.

मी डुप्लिकेट-डुप्लिकेट करत काकांकडे गेलो. त्यांनी सील पाहिलं आणि विचारलं, "क्रँकवर नख फिरवलं होतं का?" नव्हतं. घरी येऊन फिरवलं. जिथे जुन्या सीलचा ओठ पंचवीस वर्षं घासला होता तिथे खाच होती, नख अडत होतं. नवं सील मी बरोबर त्याच खाचेवर बसवलं होतं. भरीला ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी, नळी काळ्या चिखलाने अर्धी बंद. क्रँककेसमधला दाब बाहेर जायला वाट नसेल तर तो सीलमधून वाट काढतो. इंजिन उघडलं तेव्हा ती नळी मी पुसून तशीच लावली होती.

म्हणून दुकानदाराबद्दलचं माझं मत निम्मं बदललं. रबर हलकं होतं यात शंका नाही. साध्या नायट्राइल रबराला सततची ११०-१२० अंशांची उष्णता सोसत नाही, व्हिटॉन या महागड्या रबराला २०० च्या आसपास चालते. पण नुसतं चांगलं सील त्याच खाचेवर घातलं असतं तरी उशिरा का होईना गळालं असतं.

दुसऱ्या खेपेला व्हिटॉनचं घेतलं, हाउसिंगमध्ये दीड मिलिमीटर जास्त आत ठोकलं म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालेल, ओठाला ऑइल चोळलं आणि आतली बारीक स्प्रिंग जागेवर आहे ना हे टॉर्च लावून पाहिलं. ठोकताना ती निसटते आणि कळत नाही. नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि दोन रविवार मिळून अडीचशेचे अडीच हजारांवर गेले. आता २,३०० किलोमीटर झाले, बेल हाउसिंगखाली (क्लचभोवतीच्या आवरणाखाली) टाकलेला पुठ्ठा कोरडा आहे.

बाकी इंजिन? कॉम्प्रेशन तिन्हीकडे १२ च्या वर. निळा धूर नाही. ठाण्याहून फोर्टला जाताना आता चौथ्यातून तिसरा टाकावा लागत नाही. परवा बाबा शेजारी बसले होते, त्यांनी दोनदा विचारलं, इंजिन चालू आहे ना?

क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील मात्र त्याच दुकानातल्या त्याच पाकिटातली आहेत. टायमिंग बेल्टवर ऑइल गेलं तर बेल्ट फुगतो. दोन्हींची जेन्युइन सीलं आणून कपाटात ठेवली आहेत, या रविवारी बेल्टचं कव्हर उघडतो आहे.