विज्ञानाची उजळणी: गाईड, व्हिडिओ, कोरा कागद की घरातला माठ?

घटक चाचणीचं वेळापत्रक मुलांनी वहीत उतरवून आणलं, की त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीत विचारणा सुरू होते. "ताई, गाईड घेऊन देऊ का?" "मोबाइलवर पाहून अभ्यास करते म्हणते, देऊ का तिच्या हातात?" "नुसतं पुस्तक पुरेल ना?" मी अमळनेरला घरीच सहावी ते आठवीच्या मुलांचा विज्ञानाचा अभ्यास घेते आणि माझी स्वतःची मुलगी आठवीत आहे, त्यामुळे या सगळ्या वाटा मी जवळून पाहिल्या आहेत. परीक्षेला सात-आठ दिवस राहिलेत आणि विज्ञानाला रोज जेमतेम तासभर मिळणार आहे, असं धरून ही तुलना लिहिते आहे. वर्षभर विज्ञान कसं शिकावं, हा निराळा विषय.

वाट निवडण्याआधी मागच्या चाचणीचा पेपर काढून बघा. रिकाम्या जागा आणि जोड्या लावा यांचे गुण सुटे सुटे मिळतात. खरे गुण जातात ते 'शास्त्रीय कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', आकृतीला नावे देणे आणि उदाहरण सोडवणे यांत. आपल्या मुलाचे गुण नेमके कुठे गेले, हे पाहिल्याशिवाय गाईड आणायला दुकानात जाऊ नका.

पुन्हा पुन्हा वाचणं

बहुतेक घरांत हेच चालतं. पुस्तक घरात असतंच. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ते मोफत मिळतं, हरवलं तर ई-बालभारतीवर पीडीएफ उतरवून घेता येतं. मूल धडा वाचतं, पिवळ्या पेनाने ओळी रंगवतं, परत वाचतं. माझ्या मुलीने 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' हा धडा चार वेळा वाचला होता. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "विद्युतचुंबक कसा बनतो, सांग." तिला पानावरची आकृती कुठल्या कोपऱ्यात आहे ते आठवत होतं, आकृतीत काय होतं ते नव्हतं.

यात मुलांचा दोष नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर वाचणारे ४२ टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले होते. वाचून झाल्या झाल्या मूल घडाघडा बोलतं आणि चार दिवसांनी पेपरात कोरं होतं, त्याचं कारण या आकड्यांत आहे. म्हणून एकदा नीट वाचून घ्या. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाचण्यात जो वेळ जातो, तो दुसरीकडे लावा.

गाईड

गाईडला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. व्याख्या, एककं, जोड्या लावा, आकृतीतली नावं एका जागी मिळतात. ज्या घरात आईवडील दिवसभर मळ्यात किंवा कामावर असतात, तिथे मुलाला आपलं उत्तर तपासून बघायला काहीतरी हाताशी लागतं, आणि ते काम गाईड चोख करतं. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तर प्रश्नसंच हवाच. तिथल्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ३५ प्रश्न विज्ञानाचे असतात आणि सगळे पर्यायी. चारांतून एक झटकन ओळखण्याचा हात सरावानेच बसतो.

अडचण येते 'शास्त्रीय कारणे' या प्रश्नाला. गेल्या वर्षी मी मुलांना विचारलं, माठातलं पाणी गार का होतं? सगळ्यांनी एकसारखं लिहिलं: माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते. उत्तर बिनचूक होतं. मग विचारलं, तोच माठ, तीच जागा, मग पावसाळ्यात पाणी वैशाखासारखं गार का होत नाही? निम्म्या वह्यांत तेच उत्तर पुन्हा उतरलं. एकच मुलगा म्हणाला, "ताई, आषाढात कूलर लावला की अंग चिकचिक करतं. हवाच ओली असते, मग पाणी उडून जाईल कुठे?" त्याच्याकडे गाईड नव्हतं. मे महिन्यातल्या कोरड्या झळा आणि आषाढातली दमट हवा आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या अंगाला माहीत असते. बाष्पीभवनाचा वेग हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतो, हे त्या मुलाने स्वतःच जोडलं. गाईडमधलं तयार उत्तर आधी पाठ झालं, की हे जोडणं राहून जातं. म्हणून गाईड शेवटी उघडायचं, मुलाने आपल्या शब्दांत लिहून झाल्यावर.

व्हिडिओ

जे डोळ्याला दिसत नाही, तिथे व्हिडिओला तोड नाही. हृदयाच्या चार कप्प्यांतून रक्त कसं फिरतं, श्वास घेताना श्वासपटल खाली कसं सरकतं, सोन्याच्या पातळ पत्र्यावर मारलेले कण मागे फिरल्यावर रदरफोर्ड यांना अणूत केंद्रक असल्याचं कसं उमगलं, हे पुस्तकातल्या स्थिर चित्रापेक्षा हलत्या चित्रात लवकर समजतं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले असतात. मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा तेच आधी स्कॅन करा, कारण भाषेचा एक मोठा घोळ त्याने टळतो.

या घोळाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खान्देशातल्या मुलांना तो फार नडतो. आपल्याकडे घरात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, शाळेत पुस्तकी मराठी आणि सेमीवाल्यांना विज्ञान इंग्रजीत. त्यात व्हिडिओ लागतो तो बऱ्याचदा हिंदी. हिंदीत पेशीला कोशिका म्हणतात, तंतुकणिका तर मायटोकॉन्ड्रिया म्हणूनच येते. एवढं मूल सांभाळून घेतं. पण 'क्षार' या शब्दावर हमखास घसरतं. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी व्हिडिओत आम्लारीलाच क्षार म्हणतात आणि आपल्या क्षाराला लवण. एका मुलीने पेपरात 'आम्ल + क्षार' असं लिहिलं आणि गुण गेले. तिला उदासिनीकरण, म्हणजे आम्ल-आम्लारीची ही अभिक्रिया, समजलेलं होतं, शब्द दुसऱ्या भाषेतला होता. हिंदी व्हिडिओ पाहायचाच असेल तर शेजारी पाठ्यपुस्तक उघडं ठेवा आणि प्रत्येक नवा शब्द पुस्तकात कोणत्या नावाने आहे ते लिहून घ्यायला लावा.

शिवाय व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, पुन्हा वाचताना वाटतं तसंच. तीन-चार मिनिटांनी थांबवून, मोबाइल पालथा ठेवून, पाहिलेली आकृती काढायला लावली तरच त्यातलं काही उरतं. हे जमत नसेल तर परीक्षेच्या आठवड्यात मोबाइल कपाटात बरा.

कोरा कागद

मला यातून एकच वाट निवडायची असती तर मी हीच निवडली असती. खर्च पाठकोऱ्या कागदाचा. धड्याचं नाव वर लिहायचं, दहा मिनिटं घड्याळ लावायचं आणि पुस्तक न बघता जे आठवेल ते उतरवायचं: शब्द, आकृती, सूत्र, उदाहरण, कसंही. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग आठवायचा. मग एक दिवस सोडून पुन्हा.

पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला येतात, हे आधीच सांगून ठेवते. सहा ओळी लिहून पेन थांबतं. आईवडील घाबरतात, याला तर काहीच येत नाही म्हणून पुन्हा वाचायला बसवतात आणि पद्धत तिथेच सुटते. आठवायला जड जाणं हाच त्यातला व्यायाम आहे. तिसऱ्या दिवशी कागद भरायला लागतो.

जवळपासच्या दोन कल्पना गोंधळात टाकतात, त्याही कागदावर लगेच उघड्या पडतात. वस्तुमान आणि वजन, चाल आणि वेग, उष्णता आणि तापमान, अंतर आणि विस्थापन. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन्हीकडे लिहायला लावा आणि उदाहरण आपल्या भागातलं घ्या. जळगावहून भुसावळला जाऊन परत आलात तर अंतर साधारण ५० किलोमीटर आणि विस्थापन, म्हणजे निघाल्या जागेपासून पोहोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, शून्य. चंद्रावर नेलेल्या एक किलो केळ्यांचं वस्तुमान एक किलोच राहील, वजन मात्र सुमारे एक षष्ठांश होईल.

याच पद्धतीचं बोलकं रूप म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला समजावणं. एका मुलाची मोठी माय त्याला प्रत्येक वाक्यानंतर विचारते, "हाई कसाले व्हस?" (हे का होतं?) आणि पाठ केलेलं उत्तर तिथे कामाला येत नाही. अहिराणीत सांगायचं म्हटलं की आधी समजून घ्यावंच लागतं. फक्त सांगून झाल्यावर तेच दोन ओळींत पुस्तकी मराठीत लिहून काढायचं, कारण पेपर त्या भाषेत तपासला जातो.

उदाहरणांच्या धड्यांना मात्र कोऱ्या कागदावर माहिती लिहून भागत नाही. सोडवलेलं गणित झाकायचं आणि पुन्हा सोडवायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसवर गेला तर फॅरनहाइटमध्ये किती? ४५ ला ९ ने गुणून ५ ने भागलं, ८१. त्यात ३२ मिळवले, ११३. दाबाचंही तसंच: २०० न्यूटन बल ०.५ चौरस मीटरवर असेल तर ४०० पास्कल, ०.१ चौरस मीटरवर असेल तर २०००. डोक्यावर घडा घेताना चुंबळ का ठेवतात, ते या दोन आकड्यांत दिसतं.

करून पाहणं

वेळ सर्वांत जास्त हीच वाट खाते, म्हणून आठ दिवसांत सगळे धडे असे होणार नाहीत. पण दोन धड्यांवर अर्धा अर्धा तास द्याच.

पहिला आम्ल-आम्लारी. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल रंग येतो. पारंपरिक कुंकू हळदीपासून असंच बनतं. त्यावर लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो. आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारा पदार्थ म्हणजे दर्शक, हे एकदा पाहिलेलं मूल विसरत नाही. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हे करताना शेजारी बसा.

दुसरा विद्युतचुंबक. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या तारेचा उरलेला तुकडा सहज मिळतो. त्या तारेला वॉर्निश असतं, म्हणून दोन्ही टोकं ब्लेडने खरवडायची. बहुतेकांचा प्रयोग फसतो तो इथेच. मोठ्या खिळ्याभोवती पन्नास-साठ वेढे, १.५ व्होल्टचा सेल, आणि टाचण्या उचलल्या जातात. सेल काढला की बहुतेक गळून पडतात. तार तापते म्हणून काही सेकंदच जोडायची, आणि घरातल्या बोर्डाच्या विजेशी हा प्रयोग कधीही करू द्यायचा नाही. माझ्या मुलीला चार वाचनांत जे जमलं नव्हतं, ते यानंतर तिने मला न विचारता लिहून दाखवलं.

मग कोणाला काय?

मूल वाचतं खूप पण गुण येत नाहीत, तर कोरा कागद. लिहायचा कंटाळा असलेलं, पण मळ्यातल्या मोटारीचा स्टार्टर नि कूलरचा पंप खोलून बसणारं मूल असेल, तर करून पाहण्यापासून सुरुवात आणि त्याच दिवशी त्यावर पाच ओळी लिहून घेणं. एनएमएमएस असेल तर प्रश्नसंच, पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला बाकीचे तीन पर्याय का चुकीचे ते तोंडी सांगायला लावून. पेशीअंगकं, इंद्रिय संस्था, अणूचे अंतरंग या धड्यांना एक व्हिडिओ आणि मग कागदावर आकृती. प्रदूषण, आपत्ती व्यवस्थापन असे धडे एका वाचनात आणि एका कागदात होतात, त्यांवर जास्त दिवस घालवू नका. बाहेरचा क्लास फक्त परीक्षेच्या आठवड्यासाठी लावणं मला पैशांचा अपव्यय वाटतो. तिथेही मूल ऐकतंच, आठवत नाही.

शेवटच्या संध्याकाळी नवा धडा उघडायचा नाही. सगळे कागद समोर घ्यायचे, फक्त लाल ओळी बघायच्या, आकृत्या एकदा हाताने काढायच्या आणि दहाला झोपायचं. मागच्या चाचणीच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीच्या 'बल व दाब'च्या कागदावर दोनच लाल ओळी राहिल्या होत्या, दोन्ही एककांच्या. सकाळी पोहे खाता खाता तिने त्या मला म्हणून दाखवल्या आणि दप्तर उचललं.