निचिकॉनचे ‘गोल्ड ट्यून’ कपॅसिटर: जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये बसवल्यानंतर

माझ्या ॲम्प्लिफायरला पंचवीस वर्षे झाली. दर चॅनलला ४० वॅट देणारे हे साधे, पण नेकीने काम करणारे यंत्र आहे. गेल्या वर्षी मात्र त्यात दोन दोष जाणवू लागले: काहीही वाजत नसताना स्पीकरपाशी कान नेला की बारीक गुणगुण ऐकू येई, आणि आवाज थोडा मोठा केला की डग्ग्याचा घुमारा पूर्ण उमटण्याआधीच फाटल्यासारखा होई. स्पीकर बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला. परंतु दोन्ही स्पीकरमध्ये एकच दोष एकाच वेळी यावा हे मला पटेना, म्हणून मी झाकण उघडून वीजपुरवठ्याचे मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून लागेल तशी सोडणारे आणि जुने मेकॅनिक ज्यांना कंडेन्सर म्हणतात ते भाग, काढून मोजले. ६८०० मायक्रोफॅरड (साठवणक्षमतेचे एकक) क्षमतेच्या त्या जोडीपैकी एक ४१०० आणि दुसरा ३७०० दाखवत होता.

या आकड्यांचा ऐकण्याशी थेट संबंध आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे ब्रिज रेक्टिफायरमधून एकदिशीकरण झाले की कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो, आणि दोन भरण्यांच्या मधल्या सुमारे १० मिलिसेकंदांत ॲम्प्लिफायरला लागणारा सगळा प्रवाह त्यालाच पुरवावा लागतो. दोन्ही चॅनल पूर्ण जोराने वाजत असताना पुरवठ्याच्या धन आणि ऋण अशा प्रत्येक बाजूला साधारण २ अँपिअर लागतात असे धरले, तर ६८०० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज जास्तीत जास्त ३ व्होल्टने खाली येते, ४००० वर मात्र ते ५ व्होल्टपर्यंत घसरते. माझ्या यंत्रातील पुरवठा दोन्ही बाजूंना ३५ व्होल्टचा आहे आणि ८ ओहमच्या स्पीकरला ४० वॅट द्यायचे तर शिखरावर २५ व्होल्टहून अधिक लागतात; त्यात ट्रान्सफॉर्मरवर भार आल्याने होणारी घट आणि ट्रान्झिस्टरना लागणारी शिल्लक वजा केली की डग्गा का फाटत होता हे कळते.

बदली म्हणून मी क्योटोच्या निचिकॉन कंपनीचे, ऑडिओसाठी खास म्हणून विकले जाणारे केजी मालिकेतील ‘गोल्ड ट्यून’ कपॅसिटर निवडले: १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. पहिली जोडी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली आणि ती बनावट निघाली. छपाई हुबेहूब होती, पण हातात घेताच वजन कमी वाटले आणि मीटरवर क्षमता निम्मीही भरली नाही. अशा मोठ्या डब्यात कित्येकदा लहान कपॅसिटर दडवलेला असतो. दुसरी जोडी अधिकृत वितरकाकडून मागवली. ती महाग पडली, परंतु छापील मर्यादेत अचूक मोजली गेली. नवा कपॅसिटर बसवण्याआधी मोजून घ्यावाच, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असो वा पुण्यात पसोड्या विठोबापाशी घेतलेला.

बसवण्याचे काम अवघड नाही, पण एका ठिकाणी हमखास चूक होते. ऋण बाजूच्या पुरवठ्यात कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला जोडायचे असते. दोन्ही कपॅसिटर एकाच दिशेने बसवले तर त्यातला एक उलटा लागून फुटतो. जुने कपॅसिटर काढण्यापूर्वी प्लग काढून १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून ते रिकामे करावेत, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नयेत, आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प, म्हणजे चूक असल्यास प्रवाह मर्यादित ठेवणारा मालिकेत जोडलेला बल्ब, लावावा. २३० व्होल्टची बाजू उघडी असताना आत हात घालण्याची सवय नसेल, तर हे काम जाणकार मेकॅनिकलाच द्यावे.

बदल पहिल्याच संध्याकाळी जाणवला. डग्गा मोठ्या आवाजातही अखंड घुमतो, ऑर्गनच्या खर्जाच्या स्वरांना आधार आला आहे आणि व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकर खरोखर गप्प असतात. तथापि काहीही न वाजवता व्हॉल्यूम वर नेला की थोडी गुणगुण तरीही वाढत होती. ती गेली प्रीॲम्पच्या, म्हणजे सुरुवातीचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या, पुरवठ्यातील ४७० मायक्रोफॅरडचे दोन लहान कपॅसिटर बदलल्यावर, आणि त्यांची किंमत अगदी किरकोळ होती. महागड्या जोडीचे कौतुक करताना हे सांगणे मला आवश्यक वाटते. इनपुटची वायर काढताच जी गुणगुण थांबते ती मात्र बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या ग्राउंडमध्ये तयार झालेल्या वेटोळ्याची, असते आणि तिच्यावर कपॅसिटर हा उपाय नव्हे.

आता मुख्य प्रश्न: ‘गोल्ड ट्यून’च हवेत का? माझ्या एका मित्राकडे हेच मॉडेल आहे. त्याच्या यंत्रात आम्ही निचिकॉनचेच, त्याच क्षमतेचे पण १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले साधे कपॅसिटर बसवले, दोन्ही यंत्रांचा आवाज मीटरने सारखा केला आणि कोणते वाजते आहे हे न सांगता एकमेकांना ऐकवले. अंदाज कधी बरोबर आला, कधी चुकला. खात्रीने फरक ओळखता येईल असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. कोरडे पडलेले जुने कपॅसिटर आणि नवे खरे कपॅसिटर यांतला फरक मात्र घरातल्या कोणालाही ऐकू येतो. मिळालेला लाभ नवेपणाचा आणि पुरेशा क्षमतेचा आहे, ‘ऑडिओसाठी खास’ या शिक्क्याचा नाही, असे माझे मत झाले आहे.

शिवाय ‘गोल्ड ट्यून’ ८५ अंशांचे आहेत. तापमान १० अंशांनी कमी झाले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, या हिशेबाने कमाल तापमानाला दिलेले आयुष्याचे छापील तास सारखे असतील तर त्याच उष्णतेत १०५ अंशांचा कपॅसिटर सुमारे चौपट टिकावा. वैशाखात बंद शोकेसमध्ये चालणाऱ्या ॲम्प्लिफायरसाठी ही बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो. क्षमता १०,००० वरून २२,००० करण्याचा मोहही मी टाळला, कारण कपॅसिटर जितका मोठा तितके त्याला भरणारे प्रवाहाचे झटके तोकडे आणि तीव्र होतात, आणि ब्रिज, फ्यूज व ट्रान्सफॉर्मर यांवर ताण येतो.

माझे यंत्र मोकळ्या फळीवर असते, म्हणून त्यात ‘गोल्ड ट्यून’ तसेच ठेवले आहेत. मित्राचे यंत्र काचेच्या कपाटात असते; त्याच्यासाठी साधी १०५ अंशांची जोडीच योग्य होती, आणि तिला माझ्या जोडीच्या जवळजवळ निम्मे पैसे पडले.