मये की चोडण? पावसानंतरच्या कयाकिंगसाठी

दसरा आटोपला की गोव्यात कयाकिंगचे खरे दिवस सुरू होतात. समुद्र नको, शांत पाणी हवं असेल तर पणजीच्या आसपास मी दोनच जागा सुचवीन: चोडण बेटावरची खारफुटी आणि डिचोलीतलं मयेचं तळं.

बघण्यासारखं पुष्कळ आहे ते चोडणलाच, यात वाद नाही. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. याच दिवसांत पाहुणे पक्षी उतरू लागतात. वल्हं थांबवून काठाकडे बघत राहिलात तर चिखलावर निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसतात, श्वासमुळांमधून खेकडे तिरके पळतात. शिवाय खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींचे बांध आणि त्यांतल्या मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची दारं.

पण भरती-ओहोटी! भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. या रविवारी सकाळी सातला काठोकाठ पाणी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. नोकरदाराचे निम्मे रविवार इथेच बाद. गाइड ‘पाणी असेल हो’ म्हणतो, पण त्याच्या त्या ‘असेल’मध्ये तासभर सहज मावतो. तेवढ्यात चिंचोळ्या फाट्यात कयाक बूड टेकते, वल्हं रुततं, उतरून ढकलायला जावं तर पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघतो, चप्पल निघत नाही.

मयेला ही कटकट नाही. गोडं पाणी, पावसाने तुडुंब, भोवती हिरवे डोंगर. आपल्या सवडीने जावं. तळं लहान आहे, खरं. उन्हं चढली की सहलीच्या बसेस, पेडल बोटी आणि कुणाच्या तरी स्पीकरवरची गाणीही येतात, म्हणून उघडल्या उघडल्या पोचलेलं बरं. कयाक मिळेल का, ते आधी फोनवर विचारून घ्या.

आणि दिवस तिथेच संपत नाही. जवळच नार्वे गाव, तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ. दिवाडी बेटावरचं त्याचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. त्रिपुरारी पौर्णिमा साधलीत तर रात्री साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत सजवलेल्या नौका सोडतात, त्याही बघून होतात. माझ्यापुरतं तरी मयेच.

मोठी लेन्स घेऊन पक्ष्यांमागे हिंडणारे असाल तर मात्र चोडणलाच जा. फक्त रजा टाकण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि मागे पट्टा असलेली चप्पल घाला.