तीस पट भिंगाच्या नादात माझे 4,200 रुपये गेले

दरवर्षी मी घरचा आणि दोन नणंदांकडचा असे तीन शाडूचे गणपती करते. मूर्ती नऊ इंचांची, म्हणजे डोळा गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडासाच मोठा. पितांबराच्या रंगात थोडं इकडेतिकडे झालं तरी खपून जातं, डोळ्यांच्या आखणीत मात्र खपत नाही. वरच्या पापणीची रेघ केसभर खाली उतरली की मूर्ती पेंगुळलेली दिसते. साठी उलटल्यावर चष्मा लावूनही मला बुबुळाची कड आणि पापणीची रेघ वेगळी दिसेना.

अशात एका प्रदर्शनात डोक्याला लावायच्या भिंगांचा स्टॉल दिसला. विकणारा मुलगा गोड बोलत होता. "काकू, दाताचे डॉक्टर हेच वापरतात. तीस पट मोठं दिसतं. रोज तासभर लावा, दोन महिन्यांत चष्म्याचा नंबरही उतरेल." त्याने बारीक अक्षरांचं कार्ड समोर धरलं. टेबलावरचं भिंग जड होतं, काचेचं होतं, अक्षरं लख्ख दिसली. मी 4,200 रुपये मोबाईलवरून भरले. त्याने खालून एक सीलबंद खोका काढून दिला आणि मी तो तिथे उघडला नाही. पावती म्हणजे हाताने लिहिलेली चिठ्ठी, तीवर ना दुकानाचं नाव, ना पत्ता.

घरी खोक्यातून निघालं ते हलकं प्लास्टिकचं भिंग. डाव्या-उजव्या बाजूचं चित्र जुळत नव्हतं, दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. तरी सवय होईल म्हणून मी ते लावत राहिले. भिंगातून स्पष्ट दिसायला मूर्ती नाकासमोर आणावी लागे. उजवं बुबुळ भरताना ब्रशचं मागचं टोक भिंगावर आपटलं आणि काळी रेघ गालावरून थेट सोंडेपर्यंत गेली. ओल्या कापसाने टिपायला गेले तर खालचा अंगाचा रंगही निघाला. त्या रात्री मूर्तीसमोर बसून मला रडू आलं.

आमच्या गल्लीतल्या घड्याळजी काकांना ते भिंग दाखवलं. त्यांनी ते खिडकीकडे धरलं, मागे पांढरा कागद धरला आणि समोरच्या इमारतीचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत तो मागेपुढे केला. भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं तर 10 सेंटीमीटर. म्हणजे फार तर साडेतीन पट. काका म्हणाले, "ताई, खरोखर तीस पटीचं साधं भिंग असतं ना, तर ते मूर्तीपासून 8 मिलिमीटरवर धरावं लागलं असतं. ब्रश कुठून घालणार होतात?" हे गणित कुणीही घरी करू शकतं: 250 ला पटीने भागलं की अंतर साधारण मिलिमीटरमध्ये मिळतं. लहान पटींना ते थोडं ढोबळ ठरतं, पण विसाच्या, तिसाच्या थापा लगेच उघड्या पडतात. दातांच्या डॉक्टरांची भिंगं तर बहुतेक अडीच-तीन पटीचीच असतात, फक्त त्यांची नळीसारखी रचना वेगळी असल्यामुळे दुरूनही स्पष्ट दिसतं.

सगळ्यात जास्त राग मला नंबर उतरण्याच्या थापेचा येतो. वयाबरोबर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होतं, म्हणून जवळचं दिसत नाही, आणि कुठलंही भिंग लावून ते पुन्हा मऊ होत नाही. त्या आशेवर मी डॉक्टरांकडे जायचं दोन महिने लांबवलं. शेवटी गेले तेव्हा जवळचा नंबर वाढलेला निघाला आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. मोतीबिंदूने धूसर झालेलं चित्र भिंगाने मोठं होतं, स्वच्छ होत नाही. म्हणून भिंग घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगते.

स्टॉलवाल्याचा फोन लागेना. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? पैसे गेले होते एका व्यक्तीच्या खात्यावर आणि चिठ्ठीवर नावच नव्हतं. बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी तिथेच अडून बसले असते.

आता मी चष्म्याच्या दुकानातून दोन पटीचं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं काचेचं भिंग घेतलंय. घेताना ब्रश आणि एक कोरी मूर्ती पिशवीत घालून नेली होती. दुकानदाराच्या काउंटरवर नव्या चष्म्यावर ते भिंग चढवून पापणीची रेघ ओढून पाहिली, ब्रश कुठे अडकत नाही ना ते पाहिलं, मगच पैसे दिले. काम झालं की ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवते, कारण उन्हात उघडं राहिलेलं भिंग कागद, कापूस पेटवू शकतं. डावीकडून टेबललॅम्पचा पांढरा उजेड घेते. यंदाच्या तिन्ही मूर्तींची आखणी झाली. धाकट्या नणंदेकडच्या गणपतीचा डावा डोळा किंचित मोठा झालाय, तो उद्या सकाळच्या उजेडात सुधारेन.