घरच्या सर्व्हरचे पासवर्ड: व्हॉल्टवॉर्डन की कीपासएक्ससी?

घरच्या रास्पबेरी पायवर (हातभर नव्हे, तळहाताएवढ्या संगणकावर) फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमा-गाण्यांसाठी जेलीफिन असं एकेक चढवत गेलं की बघता बघता वीस-पंचवीस पासवर्ड जमतात. ते ठेवायचे कुठे, यावर बहुतेकांची गाडी व्हॉल्टवॉर्डन आणि कीपासएक्ससी या दोन पासवर्ड मॅनेजरांपाशी येऊन अडते.

व्हॉल्टवॉर्डन म्हणजे बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या ॲपशी जुळणारा, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला हलका सर्व्हर. घरात चौघं असतील तर याला तोड नाही; वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड बदलला की सगळ्यांच्या फोनवर पोचतो. पण तो सांभाळावा लागतो. एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) नसेल तर ब्राउझरमधून पासवर्डांची तिजोरी चालतच नाही. घरच्यांची खाती उघडून झाली की नवी नोंदणी बंद करायची. आणि बॅकअपला चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करायची नाही, एसक्यूलाइट या डेटाबेसची स्वतःची बॅकअप कमांड वापरायची.

माझी फजिती झाली ती वेगळीच. पावसाळ्यात वीज गेली, आली, आणि डिस्क ल्यूक्सचा, म्हणजे लिनक्समधल्या डिस्क-एन्क्रिप्शनचा, पासफ्रेज (लांब पासवर्ड) मागू लागली. पासफ्रेज व्हॉल्टवॉर्डनमध्ये, व्हॉल्टवॉर्डन त्याच डिस्कवर! सर्व्हर बंद असला तरी फोनमधली प्रत वाचता येते, पण मी लॉगआउट करून बसलो होतो, आणि लॉगआउट केलं की ती प्रत पुसली जाते. बायकोचं ॲप नुसतं लॉक होतं आणि नोंद सामायिक कप्प्यात होती, म्हणून निभावलं.

कीपासएक्ससीत ही भानगडच नाही. त्याला सर्व्हर लागत नाही; सगळा ऐवज एका एन्क्रिप्ट केलेल्या केडीबीएक्स फाइलमध्ये. सर्व्हर मेला तरी लॅपटॉपवर उघडते. एसएसएचची की (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची किल्ली) तिच्यात ठेवली आणि तशी सोय चालू केली तर फाइल उघडताच एजंटला, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, मिळते, लॉक करताच काढून घेतली जाते. मला हे फार आवडतं. दुखणं सिंकचं: सिंकथिंगवर (उपकरणांमध्ये फाइली जुळत्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर) फाइल ठेवून फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकाच वेळी बदल केला की 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची दुसरी फाइल उगवते. ती मूळ फाइलीत मर्ज (एकत्र) करता येते, पण हे आईला फोनवरून समजावून बघा.

एकटेच असाल तर डोळे मिटून कीपासएक्ससी घ्या. कुटुंब असेल तर व्हॉल्टवॉर्डन. मात्र ल्यूक्स, रूट (सर्व्हरचं मुख्य खातं), बॅकअप आणि डोमेन यांचे पासवर्ड वेगळ्या केडीबीएक्स फाइलमध्येच. डॉकरच्या (सर्व्हरवर ॲप चालवणाऱ्या साधनाच्या) एन्व्ह फाइलमधल्या, म्हणजे सेटिंगच्या साध्या मजकुराच्या फाइलमधल्या, पासवर्डांचा प्रश्न दोघंही आपसूक सोडवत नाहीत; तिथे निदान परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोड साठवायच्या जागी, ढकलू नका.

केडीबीएक्सचा मास्टर पासवर्ड आमच्याकडे कागदावर आहे, रेशनकार्डाच्या फाइलमध्ये.