ओमिया की क्योटो? जुन्या गाड्यांसाठी एकच दिवस असेल तर

जपानला निघालेली मंडळी मला हटकून विचारतात, की रेल्वे संग्रहालय तोक्योजवळच्या ओमियाचं बघावं की क्योटोचं? दोन्ही जमत असतील तर प्रश्नच मिटला. पण आठ दिवसांची सहल आणि सोबत रेल्वेचा कंटाळा असलेली माणसं, म्हणजे पदरात एकच दिवस पडतो.

इतिहास हवा असेल तर ओमिया, यात वाद नाही. १८७२मध्ये शिंबाशी–योकोहामा मार्ग सुरू झाला (आपल्या बोरीबंदर–ठाण्यानंतर एकोणीस वर्षांनी!), त्यासाठी इंग्लंडहून आणलेलं पहिल्या क्रमांकाचं इंजिन तिथे आहे. होक्काइदोसाठी १८८०मध्ये अमेरिकेहून आलेलं 'बेंकेई'ही आहे. सम्राटांसाठी बांधलेले डबे तर मन लावून बघावेत असे. १९६४ची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दोन्हीकडे आहे. क्योटोत तिच्या पहिल्या तुकडीतला पहिला डबा आहे, पण त्या फरकाने आपल्याला काय फरक पडतो?

मला खटकलं ते वेगळंच. ओमियाच्या दालनात मधोमध, टर्नटेबलवर (इंजिन वळवायच्या फिरत्या चकतीवर), सी५७ १३५ हे इंजिन उभं आहे. १४ डिसेंबर १९७५ला जपानी राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची नियमित प्रवासी गाडी याच इंजिनाने ओढली. ठरलेल्या वेळी शिट्टी होते, इंजिन गोल फिरतं, पोरं कानांवर हात ठेवतात. मीही पुढे सरकून उभा राहिलो. ऊब नाही, धूर नाही, तेलकट वास नाही. बंद दालनात भट्टी कोण पेटवणार, हे मलाही कळतं. तरी एवढ्या मानाचं इंजिन असं थंडगार बघून जीव हिरमुसला तो हिरमुसलाच. कदाचित दोष माझ्या नाकाचा असेल. १९९४पर्यंत यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला वाफेवर चालायची, त्या वासावर मी वाढलोय.

क्योटोत तो वास येतो. तिथली इंजिनशेड १९१४ची, पंख्यासारखी पसरलेली, वीस रुळांची. समोर टर्नटेबल आणि आत काळी धुडं ओळीने उभी. त्यातली काही आजही चालू स्थितीत आहेत आणि त्यांपैकी एक, डबे जोडून, जाऊन-येऊन एक किलोमीटरची फेरी मारतं. वेगळं तिकीट काढावं लागतं आणि दहा मिनिटांत सगळं संपतं. हिशेबी माणसाला हे महागच वाटेल. माझी बायको 'एवढ्यासाठी?' म्हणाली होती; उतरल्यावर पुन्हा रांगेत तीच माझ्यापुढे होती.

लहान मुलं बरोबर असतील किंवा पाऊस असेल, तर ओमियाला जा. बहुतेक सगळं छपराखाली आहे आणि वेळ छान जातो. एरवी, मला विचाराल तर, क्योटो. पांढरा शर्ट मात्र घालू नका. आणि शेवटची फेरी झाली की लगेच दाराकडे वळू नका. इंजिन टर्नटेबलवरून शेडमध्ये परततं, तेव्हा गर्दी पांगलेली असते आणि धाप लागल्यासारखे त्याचे सुस्कारे नीट ऐकू येतात.