शेजारी पडून राहायचं, की ‘येते हं’ म्हणून उठायचं?

मूल दीड ते पाच वर्षांचं आहे, वेगळ्या खोलीत झोपतं आणि ते झोपल्यावर आई-बाबांना अजून तास-दीड तास घरातलं आवरायचं असतं, अशा घरांसाठी हा आढावा आहे: मुलाचा डोळा लागेपर्यंत शेजारी थांबायचं, की ते जागं असतानाच सांगून उठायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा प्रश्नच लागू नाही. त्याला आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवावं आणि हवं तितकं जवळ थांबावं. रात्रभर सगळेच एका खोलीत गाद्या घालून झोपत असाल, तर मोठ्या मुलाच्या बाबतीतही फारसं अडत नाही. का, ते पुढे येईलच.

डोळा लागेपर्यंत थांबण्याची बाजू मजबूत आहे. दिवसभर पाळणाघरात किंवा बालवाडीत काढलेलं मूल मनातलं बोलतं ते दिवा घालवल्यावरच: कोणी ढकललं, बाई कोणाला रागावल्या, डब्यातलं काय उरलं. ही पंधरा मिनिटं दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळत नाहीत. रडारड होत नाही, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, आजी-आजोबाही ‘लेकराला रडवताय’ म्हणत नाहीत.

अडचण आहे ती उठण्याची.

मूल झोपताना गाऊनचं टोक किंवा बाबांचं बोट मुठीत धरतं. श्वास संथ होतो, ओठ जरासे उघडतात, आता झोपलं असं वाटतं. बोट हलवलं की मूठ आवळते. अजून पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा प्रयत्न करायचा, तेवढ्यात पलंग करकरतो आणि टक्क उघड्या डोळ्यांनी प्रश्न येतो, ‘कुठे चाललीस?’

नीट उठायची रीत आहे. पाठ जमिनीवर न टेकवता गादीच्या कडेला बसूनच थोपटावं, नाहीतर आपलाच डोळा आधी लागतो. मूल पेंगायला लागलं की थोपटणं थांबवून हात नुसता ठेवावा. डोळे मिटल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा हात दोन बोटं उचलून सोडावा. तो कापडासारखा लुळा पडला तर झोप गाढ आहे. मग आधी हाताचं वजन कमी करावं, नंतर हात काढावा आणि दारातून बाहेर आल्यावरच चप्पल घालावी.

एवढं करूनही मध्यरात्रीचा प्रश्न उरतोच. लहान मुलाची झोप साधारण तास ते दीड तासाच्या आवर्तनांत चालते. आवर्तन संपताना मूल क्षणभर जागं होतं, कूस बदलतं, अंदाज घेतं. झोप लागताना जे भोवती होतं ते सगळं तसंच असेल, तर पुन्हा झोपतं आणि सकाळी त्याला आठवतही नाही. आई शेजारी होती आणि आता नाही, असं झालं की हाक येते, आणि एक वाजता सगळा विधी पहिल्यापासून करावा लागतो. सगळे एकाच खोलीत झोपतात तिथे ही अडचण येत नाही ती यामुळेच: नऊ वाजता होती ती आई एक वाजताही हाताच्या अंतरावर असते. (टायमरवर बंद होणारा एसी, थांबणारी अंगाई आणि विझणारा रात्रीचा दिवा यांनाही हेच लागू. झोपताना लावलेली गोष्ट सकाळपर्यंत चालू राहणार नसेल, तर ती मूल झोपायच्या आधीच बंद करा.)

तरीही माझा कल ज्यामुळे ठरला ती मध्यरात्रीची हाक नव्हे, ती मूठ आहे. आपण गुपचूप निघून जातो हे दोन-तीनदा लक्षात आलं की मूल पहारा द्यायला लागतं. डोळे मिटतं आणि मधूनच उघडून बघतं. वीस मिनिटांची झोप पाऊण तासावर जाते, कारण झोप आली की आई जाणार हे त्याला कळलेलं असतं. आपण जितके हळू पाऊल टाकायला शिकतो, तितकं ते जास्त सावध होतं. दोन्ही रीती करून पाहिल्यावर मला तरी यावर थांबण्याच्या रीतीत उपाय सापडला नाही.

दुसऱ्या रीतीत लपवाछपवी नसते. तिचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दार लावून रडू देणं येतं, पण तसं करायची गरज नाही. दात, शू, पाणी, दोन गोष्टी असा ठरलेला क्रम अर्ध्या तासात संपवा. दोन मिनिटं थोपटा आणि खऱ्या कामाचं नाव घेऊन उठा: ‘डबे धुऊन येते हं.’ दार वीतभर उघडं ठेवा. एका मिनिटात परत या, त्यानं हाक मारायच्या आत. सगळी मेख या ‘आत’मध्ये आहे. रडल्यावर आलात तर रडलं की आई येते हे पक्कं होतं. आधी आलात तर न रडताही आई येते हे पक्कं होतं. पांघरूण सारखं करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सांगून निघा. पुढच्या फेऱ्या दोन, तीन, पाच मिनिटांच्या. पहिल्या रात्री आठ-दहा फेऱ्या गृहीत धरा आणि त्या रात्री दुसरं काम काढू नका. आमच्याकडे आठवड्याभरात त्या दोन-तीनवर आल्या.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. फोन आला आणि परत जायचं राहून गेलं, तर पुढचे दोन दिवस मूल दारापर्यंत मागे येतं. फेरी लांबली, गप्पा सुरू झाल्या, की फेरी हेच बक्षीस होतं. आई फेऱ्या मारते आणि बाबा शेजारी लोळतात, असं दिवसाआड झालं तर काहीच बसत नाही. बाबा नऊ वाजता घरी येत असतील, तर त्यांनी दंगामस्ती न करता गोष्टीच्या वेळी आत यावं.

मूल पाऊण तास जागंच पडून राहत असेल, तर दोष रीतीचा नसून वेळेचा असतो. पाळणाघरात पाचपर्यंत झोपलेलं तीन वर्षांचं मूल नऊला झोपणार नाही. त्याला दुपारी साडेतीन-चारला उठवायला सांगा. तीन रात्री त्याला खरोखर किती वाजता झोप लागते ते लिहून ठेवा, त्याच्या पंधरा मिनिटं आधी गादीवर न्या, आणि वीस मिनिटांत झोपायला लागलं की दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या.

जागं ठेवून निघाल्यानं मुलाच्या मनावर परिणाम होईल का, ही धास्ती रास्त आहे. मेलबर्नमध्ये झोपेची तक्रार असलेल्या सात महिन्यांच्या बाळांच्या आई-वडिलांना दोन पद्धती शिकवल्या होत्या: ठरावीक अंतरानं जाऊन शांत करणं, किंवा खोलीत बसून हळूहळू दूर सरकणं. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तेव्हा भावना, वागणूक किंवा आई-वडिलांशी असलेलं नातं यांत इतर मुलांपेक्षा फरक आढळला नाही. हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. यातून रात्रीच्या एका अर्ध्या तासावर मुलाचं सगळं भवितव्य ठरत नाही, एवढा दिलासा नक्की घेता येतो.

फेऱ्या जमत नसतील तर सरकण्याची पद्धत मधली वाट आहे. तीन रात्री गादीला लागून बसा, पण हात न लावता. पुढच्या तीन रात्री खोलीच्या मध्ये, मग दाराशी, मग दाराबाहेर. हातात फोन नको, त्याच्या उजेडानं मूल आपल्याकडेच बघत राहतं. दोन-तीन आठवडे लागतात आणि कंटाळा येतो, पण फार घाबरणाऱ्या मुलाला हे जास्त झेपतं.

ताप, दात येणं, नवं घर, नवं भावंड, शाळेचा पहिला आठवडा, या दिवसांत थांबा, बिनधास्त थांबा. फक्त उठताना न सांगता उठू नका. ‘तू झोपलास की मी बाहेरच्या खोलीत असेन’ हे दिवा घालवायच्या आधी सांगून ठेवलं तरी एक वाजताची हाक बरीच मवाळ येते. दिवाळीत आजीकडे गेल्यावर मूल तिच्याच कुशीत झोपणार, तेही झोपू द्या. परत आल्यावर पुन्हा एक मिनिटाच्या फेरीपासून सुरुवात करायची. या वेळी दोन-तीन रात्रींत बसतं.